आत्याचा ढग

“हवा ओली असेल तर नवऱ्याचंसुद्धा ऐकायचं नाही,” आत्या मला एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती कामाबद्दल. पण जिन्याच्या वरच्या पायरीवर आतोबा चहाचा कप घेऊन बसले होते, त्यामुळे वाक्य कुणासाठी होतं ते आम्हा तिघांनाही कळलं. आतोबा वरूनच म्हणाले, “कोरडी असताना तरी कधी ऐकलंस?”

माझी आत्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करते. तुटलेली तार बदलणं किंवा खरखरणारं बटण साफ करणं ही कामं ती चहा उकळेपर्यंत उरकते. तिचं खरं काम वेगळं. चाळीस-पन्नास वर्षं हातोहात फिरलेल्या, पॉलिश उडालेल्या, कुणीतरी घराच्या दाराचा उरलेला रंग फासलेल्या गिटारी तिच्याकडे येतात. त्या खरवडून, घासून, रंगवून, पुन्हा लॅकर मारून ती त्यांना माणसात आणते. स्वतःला तिला एक सूरही वाजवता येत नाही. काम संपलं की ती एकेक तार छेडते आणि हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवून, डोळे मिटून ऐकते. कानानं नाही, हाडानं. “लाकूड खोटं बोललं की दातात कळतं,” म्हणते. गल्लीतले लोक तिला थिनर आत्या म्हणतात, कारण ती यायच्या आधी तिचा वास येतो.

नव्या नोकरीसाठी मी त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्या वासानं पहिले आठ दिवस माझं डोकं दुखलं. नंतर सुट्टीत घरी गेलो तर वास नाही म्हणून झोप येईना.

घर वर, कारखाना खाली, मध्ये अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. खाली दोनच खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, शिकंजे, बरण्या, भिंतीला ओळीनं टांगलेल्या गिटारींच्या सुट्या माना. मागची खोली एके काळी न्हाणीघर होती. अजून भिंतींना पांढऱ्या फरशा आहेत, पण त्यांच्यावर इतक्या वर्षांचे फवारे बसलेत की पांढरं काही उरलेलं नाही. छताला एक आकडा आहे. त्याला गिटार टांगायची, खिडकीतला पंखा लावायचा, नाकाला फडकं बांधायचं आणि फवारा मारायचा. फवाऱ्याला लागणारी हवा शेजारच्या टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधून येते, भिंतीला पाडलेल्या भोकातून, रबरी नळीनं. टायरवाल्याकडे ट्रक आला की आत्याचा फवारा खोकतो. मग ती भिंतीवर हातोडीनं दोनदा ठोकते आणि पलीकडून टायरवाला ओरडतो, “ताई, दोनच चाकं!”

आणि त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक बशी असते. निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली. रोज सकाळी आत्या स्वयंपाकघरातल्या बरणीतून चिमूटभर मीठ त्या बशीत टाकते. तासाभरानं बशी तिरकी करून बघायची. मीठ वाळूसारखं सुटं घरंगळलं तर फवारा मारायचा. गोळा होऊन चिकटलं तर हवेत पाणी आहे, त्या दिवशी फक्त घासकाम. एका गिऱ्हाइकानं कौतुकानं तिला हवेतला ओलावा मोजायचं घड्याळ आणून दिलं. तिनं ते भिंतीवर लावलं. त्याचा काटा बरोबर आहे की नाही, हे ती मिठावरून तपासते.

ही बशी आली कुठून, तर आतोबांच्या गिटारीतून.

लग्नाला वर्ष झालं होतं. आत्या तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात कपाटांना पॉलिश करायची. आतोबा दिवसा वीज कचेरीत कारकून आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात गिटारवाले. वाजवायचे ती गिटार मित्राची. एक दिवस ते एक गिटार घेऊन घरी आले. कुठलंसं जुनं हॉटेल बंद पडलं होतं आणि तिथल्या बँडचं सामान विकायला काढलं होतं. त्या हॉटेलच्या मालकाला हिरव्या रंगाचं वेड असावं. दारं हिरवी, बाकं हिरवी, फुलांच्या कुंड्या हिरव्या, आणि त्याच डब्यातून गिटारही हिरवी. आत्यानं नखानं एक पोपडा उचकटला, खालचं लाकूड बघितलं आणि म्हणाली, “हिला माझ्याकडे ठेवा. आणि बघायला यायचं नाही.”

हा तिचा नियम अजून आहे. कच्चं काम ती कुणाला दाखवत नाही. “नजरेनं धूळ बसते,” म्हणते. आतोबांनाही त्या खोलीत कधी पाऊल टाकू दिलेलं नव्हतं.

कारखान्यातून आल्यावर ती न्हाणीघरात शिरायची. हिरवा थर काढला, त्याखालचा कुजका तपकिरी काढला, लाकूड उघडं पडेपर्यंत घासलं. मग चिंधीनं, बोटांनी, तीन रंग भरले. मधोमध मधाचा, त्याला वेढून कडक चहाचा, आणि कडेला जवळजवळ जळका. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते दाखवता येऊ नये, असा. अकरा दिवस लागले. राहिला होता फक्त वरचा पारदर्शक लॅकर. बाराव्या दिवशी हवा अशी होती की दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नव्हते आणि काडेपेटी तीन काड्यांशिवाय पेटत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतोबांचा कार्यक्रम होता.

तिनं लॅकर मारला. दहा मिनिटांत त्याच्यावर दुधाळ पांढरं पसरलं, काचेवर कुणी तोंडाची वाफ सोडावी तसं. फरक इतकाच की वाफ जाते. लॅकर वाळताना हवेतलं पाणी पोटात घेतो आणि तसाच मिटतो. मधाचा रंग, चहाचा रंग, सगळं धुक्यात गेलं.

आत्या दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, “वाट लागली.”

आतोबांनी गिटार उचलली, दिव्याखाली नेली, फिरवून बघितली, आणि हसले. “ढग आणलास की घरात,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तीच गिटार घेऊन स्टेजवर गेले. मध्यंतरात कुणीतरी विचारलं, हा रंग कुठला हो? आतोबा म्हणाले, “परदेशी पद्धत आहे. ढगाळ म्हणतात. अशा दोनच आहेत. दुसऱ्या गिटारचा मालक वाजवत नाही, कपाटात ठेवतो.” पुढच्या आठवड्यात दोन वादक आत्याचा पत्ता शोधत आले. त्यांनाही ढगाळ पाहिजे होती. आत्यानं मान खाली घालून काम घेतलं. आतोबांना खोटं पाडायचं कसं? पण ढग काही येईना. तिनं न्हाणीघरात ओल्या चादरी टांगल्या, स्टोव्हवर पाणी उकळत ठेवलं. दोन्ही गिटारी आरशासारख्या स्वच्छ निघाल्या. “चूकसुद्धा हातात असावी लागते,” ती अजून सांगते. ते वादक मात्र खूश होऊन गेले, आणि मागोमाग आणखी आले. कपाटांचं पॉलिश सुटलं, गिटारी सुरू झाल्या. तिचा सगळा धंदा उभा राहिला तो असा, एका बिघडलेल्या कामावर आणि नवऱ्याच्या एका थापेवर. उंबऱ्यावरची मिठाची बशीही तेव्हापासूनची.

दोन-तीन वर्षांनी एका मोटारी रंगवणाऱ्यानं तिला इलाज सांगितला. एक थिनर असतं, फार सावकाश उडणारं. त्याचा हलका फवारा मारला की वरचा लॅकर पुन्हा ओला होतो, आतलं पाणी निघून जातं, ढग विरतो. काम दहा मिनिटांचं. आत्यानं त्या थिनरचं नाव ठेवलं आळशी थिनर. त्या दिवसापासून दर वर्षी एकदा, मांडणीवरचे डबे आवरताना, ती वर हाक मारायची, “अहो, आळशी थिनर निघालंय. पुसू का?”

“माझ्या ढगाला हात लावायचा नाही.”

तीस वर्षं हेच. लोक म्हणायचे, बघा, बायकोच्या चुकीवर कसं पांघरूण घालतो माणूस. आत्याला आधी त्याची लाज वाटायची, मग राग यायचा, मग एक दिवस तिला ते आवडायला लागलं. स्टेजवर ती पांढुरकी गिटार लांबून ओळखू यायची, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली आत्या शेजारणीला उगाच सांगायची, “ते आमचे.”

मागच्या थंडीत आतोबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

जीभ तीन दिवसांत परत आली, पहिल्यापेक्षा तिखट होऊन. पाय दोन महिन्यांनी आला, पण जिना उतरण्याइतका नाही. डाव्या हाताची बोटं आली नाहीत. गिटारवाल्याचा उजवा हात तारा छेडतो, पण सूर कुठला ते डावा ठरवतो. आतोबा खिडकीशी खुर्चीत बसून दिवसभर रबरी चेंडू दाबायचे. म्हणजे दाबायचा प्रयत्न करायचे. “डॉक्टर म्हणतात बोटं येतील,” मला सांगायचे. “भाचेबुवा, केव्हा येतील ते मात्र बोटांना विचारा म्हणतात.” गिटार पेटीत घालून त्यांच्याच पलंगाखाली सरकवलेली होती. दहा महिने ती कुणी बाहेर काढली नाही. झाडू मारताना आत्या पेटीच्या कडेकडेनं मारायची.

दर रविवारी सकाळी उस्ताद यायची. ही आतोबांची शिष्या. अकरा वर्षांची असताना पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “काका, तुमची दुसरी तार उतरलीय,” आणि खरंच उतरली होती. तेव्हापासून ती उस्ताद. आता सव्वीस वर्षांची आहे, स्वतःचा बँड आहे, पण अजून चपला दाराबाहेर अशा फेकते की एक उताणी पडते.

त्या रविवारी आतोबांनी मला पेटी काढायला लावली.

“उस्ताद, ही तुझी.”

“काहीतरीच काय, काका! बोटं आली की तुम्हीच हिसकावून घ्याल.”

“नाही घेणार. दहा महिने पेटीत पडलीय. अशानं मान वाकते तिची.” मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. आत्या पातेल्यावरचं झाकण हातात घेऊन उभी होती. “आणि अगं, द्यायच्या आधी हिचा ढग काढ.”

“काय काढू?”

“ढग. तुझं ते आळशी थिनर.”

“तीस वर्षं मी विचारत होते तेव्हा?”

“तेव्हा नको होतं.”

“आणि आता?”

“आता हवंय.”

उस्ताद घाईघाईनं म्हणाली, “काकू, राहू द्या ना. मला चालेल.”

“तुला चालेल गं,” आत्या म्हणाली. “चालण्याचा प्रश्नच नाही.” आणि झाकण इतक्या जोरात ठेवलं की पातेल्यानं दाद दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं गिटार खाली नेली. मी कामावर जायच्या आधी तिला मान सोडवायला मदत करत होतो. चार स्क्रू, तीस वर्षांचे, हट्टी. शेवटचा निघाला तेव्हा ती गिटारकडे बघत म्हणाली, “ही दुरुस्तीला आहे तोवर ते गिटारवाले आहेत. ही दारातून गेली की उरले नुसते माझे यजमान. चेंडू दाबणारे.”

मी स्क्रू बशीत टाकायला गेलो तर तिनं हातावर चापट मारली. “ती मिठाची आहे.”

पुढचे तीन आठवडे तिनं त्या गिटारीवर जे केलं, ते मी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी झालेलं पाहिलं नाही. खुंट्या उघडून एकेक दात टूथब्रशनं धुतला. मानेवरच्या पितळी पट्ट्या बोटांनी झिजून खाचा पडल्या होत्या, त्या सगळ्या काढून नव्या ठोकल्या. आतल्या वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, जुनं सोल्डर उतरवलं, नवं लावलं. खरखरणारी बटणं गप्प केली. तारांचा आवाज टिपणारे पिकअप उघडून त्यांच्यावरचा गंज कापसानं टिपला. फक्त एका जागेला हात लावला नाही. आतोबांचा उजवा हात जिथे टेकायचा, तिथला लॅकर झिजून लाकूड उघडं पडलं होतं, हाताच्या आकाराचं. “ते माझं काम नाही, त्यांचं आहे,” ती म्हणाली. “चांगलं केलंय. राहू दे.”

सगळं झालं. ढग तेवढा राहिला.

“अगं, मीठ काय म्हणतंय?” आतोबा वरून विचारायचे.

“ओलं आहे.”

“आज?”

“ओलं आहे.”

सकाळी धुतलेले कपडे तासाभरात कडक होत होते. टायरवाला भिंतीच्या भोकातून विचारायचा, “ताई, हवा नको का? आज तर काय ऊन पडलंय!” त्यालाही तेच उत्तर. दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या गिटारी फवाऱ्याविना लटकून राहिल्या होत्या, कारण खोटं बोलायचं तर सगळ्यांशी सारखं बोलायचं, एवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. गिऱ्हाइकं येऊन परत जायची. ती बशी पुढे करायची. बघा, गोळा झालंय. आणि खरंच झालेलं असायचं.

एका सकाळी मी छत्री शोधायला खाली गेलो. छत्रीची गरज नव्हती, पण मला वाटलं, आत्या म्हणते तर हवेत काही असेल. ती उंबऱ्याशी बसली होती. पॉलिशपेपर भिजत घातलेल्या मगात तिनं चार बोटं बुडवली आणि इस्त्रीच्या कपड्यावर शिंपडतात तसं, बशीवर हलकंच पाणी शिंपडलं. मग बशी तिरकी करून बघितली. चिकटलं होतं. तिनं समाधानानं मान हलवली. मी पाऊल न वाजवता वर आलो आणि छत्रीशिवाय कामावर गेलो.

बाविसाव्या दिवशी, सुट्टी होती, मी खाली टेबलाशी पेपर वाचत होतो. जिन्यावर काहीतरी घसटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. आत्या आणि मी एकदमच धावलो. आतोबा पायरीवर बसले होते आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी उतरत होते, लहान मूल उतरतं तसे. डावा हात कामाचा नव्हता, आणि उजव्यात वाटी होती.

“अहो, पडाल! हे काय चाललंय?”

“हवामान बघायला आलोय.”

मी हात द्यायला गेलो तर म्हणाले, “थांबा भाचेबुवा, तीनच राहिल्यात.” तीन पायऱ्या त्यांनी तशाच उतरल्या. मग टेबलाजवळच्या स्टुलावर बसले, घाम टिपला आणि वाटी आत्याच्या कानाजवळ नेऊन हलवली. आतलं मीठ खुळखुळलं.

“स्वयंपाकघरातलं आहे. एकदम सुटं. अकरा पायऱ्या खाली आलं की ऋतू बदलतो का गं?”

उंबऱ्यावरची बशी आत्यानं पायानं हळूच मागे सरकवली. आतोबांनी ते पाहिलं.

“मी नाही काढणार,” ती म्हणाली.

“का?”

“का काय? तीस वर्षं माझी चूक मिरवलीत. परदेशी म्हणे. दोनच आहेत म्हणे. मेल्यासारखं व्हायचं मला. मग सवय झाली. मग वाटायला लागलं, आहे तर आहे, आपली आहे. आणि आता सगळं झाल्यावर म्हणता, पूस.”

“तुझी चूक?”

“मग कुणाची? फवारा कुणाच्या हातात होता?”

“आणि दाराबाहेर कोण होतं?”

आत्यानं वर बघितलं.

“सकाळी तू म्हणालीस, हवा ओली आहे, दोन दिवस थांबू. मी म्हटलं, कार्यक्रम उद्या आहे, हवा परवा बघू. हसलोसुद्धा होतो वर. मग दर अर्ध्या तासानं दार वाजवत होतो. आठवतंय?”

“सातदा वाजवलंत.”

“मोजलंस होय!” त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. “तू ‘वाट लागली’ म्हणून बाहेर आलीस ना, तेव्हाच मला कळलं, हा ढग माझा आहे. लोकांना थापा मारल्या, कारण खरं सांगायची लाज वाटली. आणि पुसू दिला नाही तो तुझ्यासाठी नाही. उगाच मोठेपणा नको मला. मी सगळ्या गाण्यांत पुढे पळायचो, माहीत आहे तुला. तबलजी शिव्या द्यायचे. ही गिटार आल्यापासून वाजवताना मान खाली घातली की हा समोर. म्हणायचा, थांब. तीस वर्षं त्यानं मला धरून ठेवलं.”

“मग मला सांगायचं नाही कधी?”

“दर वर्षी सांगणार होतो. तू थिनरचा डबा काढायचीस, मला वाटायचं, आता सांगावं. मग म्हणायचो, पुढच्या वर्षी. घाई कशाला?”

आत्याला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. तिनं तोंड फिरवलं.

“उस्ताद जन्मजात लयीत आहे,” आतोबा म्हणाले. “माझी घाई तिनं का गळ्यात अडकवून हिंडायचं? तिला तुझं काम दे. ढग माझ्याकडे राहू दे.”

भिंतीपलीकडे टायरवाल्याची हातोडी चाकावर पडत होती. मग आत्यानं बशी उचलली, ओलं मीठ मोरीत टाकलं, बशी पदरानं कोरडी केली आणि मला म्हणाली, “त्याला सांग, ट्रक आला तरी पाच मिनिटं हवेला हात लावायचा नाही. आणि यांच्या नाकाला फडकं बांध.”

“मी आत आलो तर चालेल?” आतोबांनी विचारलं.

“उंबऱ्यावर बसा. हलायचं नाही.”

गिटारचं उघडं अंग आकड्याला टांगलं होतं, पांढुरकं, मुकं. पंखा सुरू झाला. आत्यानं आळशी थिनर भरलं, आधी फवारा हवेत एकदा मारून बघितला, आणि मग डावीकडून उजवीकडे, हात न थांबवता, एक पट्टा ओढला. पृष्ठभाग ओला होऊन चमकला. ढग होता तसाच. दुसरा पट्टा, तिसरा. मग ती मागे सरली आणि थांबली. आम्ही तिघंही थांबलो.

आधी कडा गेल्या. जळका काळा वर आला, एवढा खोल की तिथे लाकूड संपून विहीर सुरू होते असं वाटावं. मग धूर मागे हटावा तसा ढग मधोमध जमा होत गेला, लहान होत गेला. चहाचा रंग उघडला, त्यातून लाकडाच्या रेषा वाहायला लागल्या. शेवटी तळहाताएवढा मध उरला, आणि त्याच्यावरचा शेवटचा पांढरा ठिपका, बघता बघता, नव्हता.

आतोबांनी फडकं खाली ओढलं. “हे असं होतं?”

“असंच होतं. दहा मिनिटं.”

“तू केलंस हे? तेव्हा? पोरसवदा होतीस गं.”

“मग काय हॉटेलवाल्यानं केलं?”

“मला कधी दाखवलं नाहीस.”

“कच्चं दाखवत नाही मी.”

“आणि पक्कं झालं तेव्हा मी दार वाजवत होतो.” ते रंगाकडे बघत राहिले. “तीस वर्षं हे झाकून मी गावभर हिंडलो. आणि वर थापा मारल्या.”

आत्या फवारा पुसत होती. “बोलू नका,” ती म्हणाली. “धूळ बसेल.” पण तीसुद्धा बघत होती. चिंधीनं रंग भरणाऱ्या त्या बाईचा हात तिला कुठेतरी ओळखीचा वाटत असावा.

गिटार आठ दिवस वाळली. मग बारीक पेपरनं घासल्यावर चकाकली, मान बसली, तारा चढल्या. पुढच्या रविवारी सकाळी दाराबाहेर एक चप्पल उताणी पडल्याचा आवाज आला आणि उस्ताद आत आली. तिनं पेटी उघडली आणि काही वेळ नुसती बघत राहिली. मग वायर जोडली, छोट्या ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं आणि आतोबांनी तिला पहिल्या वर्षी शिकवलेली एक संथ चाल वाजवायला लागली.

चार ओळी झाल्या असतील.

“उस्ताद,” आतोबा खुर्चीतून म्हणाले, “पळतेस.”

“नाही हो, काका.”

“तिसऱ्या वळणावर पळालीस. पुन्हा. मी ठेका धरतो.” त्यांनी उजव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर ताल धरला. तिनं पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वळणावर त्यांनी बोट वर करून तिला थांबवून धरलं, मग सोडलं. “हां. पुढच्या रविवारी याच्यापुढचं घेऊ. गिटार इथंच घेऊन येत जा.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आतोबांकडे बघितलं. चेंडू खाटेवर पडला होता.

“काकू, ऐका ना,” उस्ताद म्हणाली. आत्या आली, वाकली, हनुवटी गिटारच्या कडेला टेकवली आणि डोळे मिटले. उस्तादनं एकेक तार छेडली. सहाही तारा झाल्या तरी आत्यानं हनुवटी उचलली नाही.

“काका, पण हा रंग कुठला?” उस्तादनं विचारलं. “परदेशी वाटतो.”

आतोबांनी घसा साफ केला. ही तयारी माझ्या ओळखीची होती. आता पुढे कपाटात गिटार ठेवणारा तो दुसरा मालक येणार, असं मला वाटलं.

“हिनं केलाय,” आतोबा म्हणाले. “आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी मी घाई केली.”

उस्ताद आत्याकडे वळली. आत्या सरळ झाली. तिनं ओट्यावरची धुतलेली निळ्या काठाची बशी घेतली, बरणीत बोटं घालून चिमूटभर मीठ तीत टाकलं, बशी तिरकी करून एकदा बघितली, आणि जिना उतरून गेली.